कारखाना आपल्या गावी यावा म्हणून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी मला आज चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यातून त्यांनी दिलेला विषय असा की, "नाशिकच्या परिसरात खाण्यापिण्याच्या वस्तूंचे कारखाने यावेत, यासाठी काय करावे?" मी म्हटले, "बाई, हा विषय मंत्र्यांचा आणि कलेक्टरसाहेबांचा. मला हळदीकुंकवावर बोलू द्या." त्यावर त्या म्हणाल्या, "आपला मसाला परत आला तेव्हा सगळ्यांत जास्त तुम्हीच शिकलात. तेवढे सांगितलेत तरी पुष्कळ झाले." मसाल्याचे ते प्रकरण आपणां सर्वांना ठाऊक आहे. मी तेही सांगणार आहे. पण आधी माहेरची गोष्ट सांगते, कारण हा विषय माझ्या मनात तिथून आला.

माझे माहेर दिंडोरी तालुक्यातले. घरी थोडी द्राक्षे आणि बाकी टोमॅटो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोमॅटोचा भाव किलोला दोन-तीन रुपयांवर आला, हे आपल्याला आठवत असेल. बांबू, तार, सुतळी, औषधे यांचा खर्च बाजूला राहू द्या, तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही त्यात निघत नव्हते. दादाने भरलेली कॅरेट बाजारातून परत आणली आणि गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला रिकामी केली. आई त्या दिवशी टोपली घेऊन तिकडे गेली आणि त्यातलेच चांगले टोमॅटो निवडून घरी घेऊन आली. दादा म्हणाला, "आई, शेतात अजून एवढे उभे आहेत, हे कशाला?" ती म्हणाली, "शेतातले शेतात. हे टाकलेले मला बघवत नाहीत."

आता दुसरी बाजू ऐका. दोनच वर्षांनी, २०२३ च्या जुलैमध्ये, आपल्या गंगापूर रोडवर टोमॅटो शंभराच्या पुढे गेले होते. तेव्हा मीच भाजीवाल्या मावशींशी हुज्जत घातली आणि आमटीत चिंच घालून दिवस काढले. म्हणजे एकच बाई माहेरी भाव पडला म्हणून रडते आणि सासरी भाव चढला म्हणून रडते. हे रडे थांबायचे तर मधे कोणीतरी असे हवे, की जे माल मुबलक असताना विकत घेईल, आटवील, वाळवील, डब्यात भरील आणि वर्षभर पुरवील. आपण मे महिन्यात कुरडया-पापडांची वाळवणे घालतो, त्याचेच हे मोठे रूप. खाद्यपदार्थांचा कारखाना म्हणजे काय, हे मला असे समजले.

नाशिकला कारखाने नवे नाहीत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे सातपूर आणि अंबडला वसाहती वाढल्या, आणि आपल्यापैकी कित्येकींची घरे त्या कारखान्यांच्या भोंग्यावर चालली. परंतु ते कारखाने बहुतेक लोखंडाचे, यंत्रांचे, विजेच्या सामानाचे. लोखंड बाहेरून आणता येते आणि आठ दिवस अंगणात पडून राहिले तरी त्याला काही होत नाही. टोमॅटोचे तसे नाही. त्यात शंभराला नव्वदांहून जास्त भाग नुसते पाणी. पाच-सहा किलो आटवावेत, तेव्हा किलोभर घट्ट पेस्ट हाती लागते. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. एवढे पाणी लांबवर वाहून नेणे कोणाला परवडणार? म्हणून लोखंडाचा कारखाना जागा आणि वीज पाहून येतो, तर अन्नाचा कारखाना शेत पाहून येतो. आजचे माझे सगळे बोलणे या एका गोष्टीभोवती आहे.

आपण मुलीसाठी स्थळ पाहतो, तेव्हा नुसते घर पाहत नाही. माणसे, पाणी, शेजार, वागणूक सगळे पाहतो. कारखानदारही तसेच पाहत असावा. माल भरपूर आहे एवढ्याने त्याचे भागत नाही. त्याला तो एकाच जातीचा, एकाच पिकलेपणाचा आणि ठरलेल्या दिवशी हवा. चटणीला गर जास्त असलेला टोमॅटो लागतो, बाजारात चकाकणारा चालेलच असे नाही. वाईनची द्राक्षे वेगळी आणि आपण खातो ती वेगळी. मग त्याला पाणी हवे, न जाणारी वीज हवी, शीतगृह हवे, तपासणीची सोय हवी आणि बंदराकडे जाणारा रस्ता हवा. यांपैकी पुष्कळ आपल्याकडे आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये देशातली पहिली किसान रेल आपल्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला सुटली होती. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपुढचा शेवटचा टप्पा खुला झाला.

एक सोय झाली की ती आपल्या पायाने माल खेचून आणते, याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. लासलगावला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने 'कृषक' नावाचे केंद्र उभारले. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर किरणांचा मारा करण्याची ती सोय. पुढे अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडले ते अशा प्रक्रियेच्या अटीवर. तेव्हा २००७ साली आंबा या लासलगावच्या केंद्रातून होऊन अमेरिकेला गेला. कांद्यासाठी मांडलेल्या चुलीवर आंब्याचा पाहुणचार झाला!

आणि तपासणीत कमी पडले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१० साली आपली द्राक्षे युरोपात अडकली. वेलींवर वापरल्या जाणाऱ्या एका औषधाचा अंश तिकडच्या मर्यादेहून जास्त निघाला. माल दिसायला उत्तम, खायला गोड, पण परत. कित्येक बागाईतदार त्या वर्षी कर्जात गेले. त्यानंतर फवारणीची वही ठेवणे, औषध मारल्यावर किती दिवसांनी खुडायचे ते पाळणे, या गोष्टी घराघरांत आल्या. माझी वहिनी आज ती वही लिहिते. दादाचे अक्षर कोणाला लागत नाही, म्हणून ते काम तिच्याकडे आले आणि तिच्याकडेच राहिले.

आता आपला मसाला. तीन वर्षांपूर्वी एका दुकानदारांनी आपल्या मंडळाकडे पन्नास किलो काळ्या मसाल्याची मागणी नोंदवली. आपण अकराजणींनी तो आपापल्या घरी भाजला आणि कुटला. प्रत्येकीचा हात उत्तम, पण प्रत्येकीचा वेगळा. कोणाचे खोबरे काळपट, कोणाचे बदामी. कोणी धने जास्त घातले, कोणी लवंग सढळ टाकली. दुकानदार म्हणाले, "ताई, चव सगळ्यांचीच चांगली आहे, पण माझे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल तेव्हा त्याला पहिलीच चव लागेल." हे झाले सगळ्यांचे. माझ्या एकटीची चूक याहून मोठी होती. दुसऱ्या दिवशी माल द्यायचा म्हणून मी मसाला कोमट असतानाच पिशव्या बंद केल्या. आत वाफ धरली आणि पंधरा दिवसांत बुरशी आली. माझ्या चार पिशव्यांपायी सगळा माल परत आला आणि पुढची मागणी गेली. एकीनेही मला दोष दिला नाही, याचे मला आजही जास्त वाईट वाटते.

पण त्या दिवशी मला एक कळले. कारखानदार एखाद्या गावाला नको म्हणतो, तेव्हा तो गर्विष्ठ असतोच असे नाही. कधी आपल्याच पिशवीत वाफ राहिलेली असते.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो बायकांनीच काढलेला आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे लिज्जत पापड झाला. त्यांच्यात पीठ एका जागी भिजवतात. तेच पीठ बायका घरी नेतात, लाटतात, आणि वाळलेले पापड तोलून परत देतात. हात हजारो, पण पीठ एक. घराची स्वच्छताही पाहिली जाते. त्यातल्या एक संस्थापक जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. हे वाचले तेव्हा मला आपल्या अकरा कढया डोळ्यांसमोर दिसल्या.

आता पेयांकडे वळते. आपल्याच रस्त्याने आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकून धरणाकडे गेले, की सुला लागते. राजीव सामंत हे अमेरिकेतून परत येऊन घरच्या जमिनीत उतरले. १९९९ साली तिथे वायनरी उभी राहिली आणि २००० साली पहिली वाईन बाजारात आली. आईचे नाव सुलभा, त्यावरून हे नाव ठेवले. पुढे २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, करात सवलती दिल्या आणि आपल्याकडे विंचूरला व सांगलीकडे पलूसला वाईन पार्क काढले. बघता बघता वायनऱ्या वाढल्या.

मी इथे दारूची वकिली करायला उभी नाही. बाटलीने मोडलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा आपल्या मंडळातही दोन तट पडले होते आणि आजही ते असतील. माझे म्हणणे एवढेच, की या धंद्यातून कारखाने बोलावण्याविषयी एक धडा घेण्यासारखा आहे. सवलत पाहून पुष्कळ आले. पण २००८ च्या मंदीनंतर खप बसला. वाईन टाक्यांत पडून राहिली, काही वायनऱ्या अडचणीत आल्या, आणि ज्या शेतकऱ्यांनी खास वाईनची द्राक्षे लावली होती त्यांना गिऱ्हाईक उरले नाही. ती द्राक्षे बाजारात खायला कोण घेणार? बी मोठे, साल जाड. कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या. ज्यांनी चवीची, गिऱ्हाइकाची आणि शेतकऱ्याची नीट घडी बसवली होती, ते टिकले. सवलत म्हणजे पाहुण्याला दिलेले आमंत्रण. तो राहतो तो घरातली रीत पाहून.

आणि शेतकऱ्याला नुसता माल घालणारा न ठेवता भागीदार केले, तर काय होते, हे पाहायला मोहाडीला जावे. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने २०१० च्या सुमारास तिथे सह्याद्री ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. द्राक्षांच्या निर्यातीपासून सुरुवात झाली आणि पुढे टोमॅटोवर प्रक्रियाही तिथे होऊ लागली. २०२२ साली युरोपातल्या संस्थांनी तिच्या उद्योगात तीनशे कोटींहून जास्त भांडवल घातले. बाहेरचा कारखानदार बोलवायच्या आधी शेतकरी स्वतः कारखानदार झाले, आणि मग बाहेरचा पैसा आपण होऊन चालत आला. आपण या शब्दाचा अर्थ उगाच बाहेरच्यापुरता धरतो. कारखानदार गावातला असू शकतो. बाईसुद्धा असू शकते.

पण भगिनींनो, सगळा दोष कारखानदाराचा किंवा सरकारचा असतो, असे मी म्हणणार नाही. माझ्या सख्ख्या भावाची गोष्ट सांगते, त्याची परवानगी घेऊन. २०२३ च्या हंगामासाठी दादाने एका प्रक्रिया करणाऱ्यांना ठरलेल्या भावाने टोमॅटो द्यायचे कबूल केले होते. पहिला तोडा निघाला तेव्हा बाजारात भाव आभाळाला भिडलेले. दादाने शब्द मोडला आणि माल बाजारात नेला. त्यात त्याने पैसे केले, हेही खरे. सप्टेंबरात भाव कोसळला, तेव्हा तो त्याच माणसाच्या दारात गेला. तो म्हणाला, "दादा, मी तुमच्या भरवशावर यंत्र लावले होते." पुढे काही बोलला नाही, आणि मालही घेतला नाही. दादाला आता ते पटते. त्यानंतर त्याने ठरवले, की अर्धे शेत ठरल्या भावाला बांधायचे आणि अर्धे बाजारासाठी मोकळे ठेवायचे. चढला तर अर्धा फायदा, पडला तर अर्धे तोटे, आणि शब्द मात्र पूर्ण पाळायचा. घरखर्चात आपण असेच करतो. काही पैसे पोस्टात टाकतो, काही हाताशी ठेवतो.

आता अटींविषयी. कारखाना यावा हे खरे, पण डोळे मिटून नव्हे. मला तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात.

पहिली पाण्याची. आपल्या नळाचे पाणी गंगापूर धरणाचे. त्याच गोदावरीकडे शेत पाहते, कारखाना पाहतो, आणि खाली मराठवाड्याचे जायकवाडीही पाहते. २००५ च्या जलनियमन कायद्यानंतर पाण्याच्या समान वाटपाचा प्रश्न दर दुष्काळात उभा राहतो, आणि तो त्यांचाही खरा आहे. येणाऱ्या कारखान्याला म्हणून विचारावे, की तुम्ही पाणी किती घेणार आणि वापरलेले किती स्वच्छ करून पुन्हा वापरणार? टोमॅटोच्या सालीबियांचे आंबलेले पाणी नाल्यात सोडले, तर तो नाला शेवटी गोदेलाच मिळतो.

दुसरी कामाची. माझी वहिनी हंगामात एका ठिकाणी माल निवडायला जात असे. काम ठेकेदारामार्फत, चार महिन्यांचे. उभे राहून पाय सुजत. एकदा सुरीने बोट कापले, तेव्हा ती कामावर होती असा एकही कागद निघाला नाही. खाद्यपदार्थांच्या कामात निवडणे, सोलणे, भरणे हे बहुतेक बायकांच्या हातचे. तेव्हा हजेरीची नोंद, बसायला स्टूल, रात्री घरी सोडायला गाडी आणि लेकरांना पाळणाघर, एवढे मागणे जास्त नाही. पाळणाघराचा विचार तर १९४८ च्या कारखाना कायद्यातही होता.

तिसरी गोष्ट जमिनीची, आणि ती मला सर्वांत कठीण वाटते. मी लग्न होऊन गंगापूर रोडला आले, तेव्हा सोमेश्वरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मळे होते. संध्याकाळी सासूबाईंबरोबर फिरायला गेले, की पाटाच्या पाण्याचा वास येई. आज तिथे इमारती आहेत. मी स्वतः त्यांतल्याच एका इमारतीत राहते, तेव्हा नावे कोणाला ठेवू? २०१७ साली नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झाले आणि आजूबाजूची पुष्कळ गावे त्यात आली. आता प्लॉट पाडणारे लोक दादाकडेही येऊ लागले आहेत. त्यांचा आकडा ऐकला, की टोमॅटोची दहा वर्षांची मिळकत त्यापुढे फिकी पडते. दादाची मुले विचारतात, "आत्या, तुम्हीच सांगा, विकावी का?"

मी त्यांना उत्तर दिलेले नाही. शहरात बसून "विकू नका" म्हणणे सोपे असते. पण महानगर म्हणून आपण एकीकडे अन्नाच्या कारखान्यांना बोलावतो आणि दुसरीकडे ज्यासाठी ते येणार तेच शेत पुसत जातो, हे काही जुळत नाही. जमीन गेली की माल गेला. माल गेला की कारखाना सातपूरला येवो की दिंडोरीला, त्याला लांबून माल आणावा लागेल, आणि तो एक दिवस लांबच निघून जाईल. बागाईत पट्टे राखून ठेवावेत आणि कारखान्यांना पडीक जागा द्यावी, असे नकाशे करणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे. आणि दादासारख्याला टोमॅटोत चार पैसे सुटले, तरच तो जमीन राखील. त्याच्या मुलांना माझे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

आता आपण काय करावे, ते सांगून संपवते. मोठ्या गोष्टी मोठ्यांकडे. मंडळापुढे मी तीन लहान सूचना ठेवते. मसाल्याचा कच्चा माल एकत्र घ्यावा, भाजणे आणि कुटणे मंडळाच्या जागेत एकाच मापाने करावे, घरी फक्त निवडणे आणि भरणे ठेवावे. मसाला पूर्ण गार झाल्याची खूण वहीत केल्याशिवाय पिशवी बंद करू नये. ती वही मी सांभाळीन. त्या कामावर माझा हक्कच आहे! दुसरे, अन्नपदार्थ विकण्याची सरकारी नोंदणी मंडळाच्या नावाने ठेवावी आणि २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी निघालेल्या योजनेसारखी मदत बचत गटांना आज कोणती मिळते, याची चौकशी कृषी कार्यालयात दोघींनी जाऊन करावी. मी जाईन, माझ्याबरोबर फॉर्म वाचणारी एक चांगली शिकलेली मैत्रीण द्या. तिसरे, वाया जाणारा माल हंगामात मंडळाने थेट एखाद्या शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावाने घ्यावा. थोडा का होईना, पण भाव लावणीच्या आधी कागदावर लिहून. बाजारात त्या वेळी स्वस्त मिळाला, तरी आपण आपला शब्द मोडायचा नाही. दादाला जे सांगते, ते आपणही पाळले पाहिजे.

गेल्या महिन्यात मी त्या दुकानदारांकडे पुन्हा गेले होते. त्यांना एकाच घाण्यातला पाच किलो मसाला दिला. ते म्हणाले, "ताई, महिनाभर ठेवून पाहतो." महिना येत्या शुक्रवारी पुरा होतो. निकाल काय लागेल तो लागो, पण यंदा पिशवीत वाफ नाही, एवढे मी आपल्याला खात्रीने सांगते.